व्यसनी गर्भवतींवरील उपचार आणि संशोधनाची चुकलेली वाट

अमेरिकेतील टेनेसी राज्याने जुलै २०१४ मध्ये एक कायदा अमलात आणला. गरोदरपणी अमली पदार्थ घेतल्याने अर्भकाला इजा झाली, तर आईवर मारहाणीचा गुन्हा दाखल करण्याची मुभा त्या कायद्याने दिली होती. प्रसूतीपूर्वी उपचार सुरू करून ते पूर्ण करणाऱ्या स्त्रीसाठी बचावाची एक सवलतही त्यात होती. धाकाने का होईना, या स्त्रिया उपचारांकडे वळतील आणि बाळे वाचतील, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्षात उलटे घडले. अटकेच्या भीतीने अनेकींनी दवाखान्याची पायरी चढणेच टाळले. मेगन बून आणि बेंजामिन मॅकमायकेल या दोन कायदेअभ्यासकांनी जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या आधारे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, या कायद्यामुळे एकट्या २०१५ या वर्षात २० गर्भमृत्यू आणि ६० अर्भकमृत्यू ओढवले. मुदतवाढ न मिळाल्याने जुलै २०१६ मध्ये तो कायदा संपुष्टात आला.

हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे; पण तो एकाकीही नाही. अमेरिकेतील आठ राज्यांमधील २००३ ते २०१४ या काळातल्या सुमारे ४५ लाख जन्मांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भवतीच्या व्यसनाला शिक्षा करणारी धोरणे नसलेल्या ठिकाणी दर १० हजार जन्मांमागे ४६ बाळांना जन्मानंतर नशेचा अंमल उतरतानाचा त्रास झाल्याची नोंद होती. अशी धोरणे असलेल्या ठिकाणी हे प्रमाण पहिल्या वर्षी ५७ आणि त्यानंतर ६० होते. शिक्षेमुळे हे प्रमाण कमी झाल्याचे या अभ्यासात कोठेही दिसले नाही.

तरीही अमली पदार्थ घेणाऱ्या गर्भवतीकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याचा मोह सुटत नाही. अलाबामा राज्याने २००६ मध्ये घरात चोरून अमली रसायने तयार करणाऱ्यांच्या मुलांना संरक्षण देण्यासाठी एक कायदा केला. २०१३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यातील ‘मूल’ या शब्दात गर्भाचाही समावेश केला आणि गर्भवतींवर खटले भरण्याची वाट मोकळी झाली. या मोहाचे मूळ शोधू गेल्यास ते बऱ्याच अंशी संशोधनात सापडते, ही यातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हटली पाहिजे.

तेवीस स्त्रिया आणि एक पिढी

सप्टेंबर १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात शिकागोचे डॉक्टर आयरा चॅसनॉफ यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गरोदरपणी कोकेन घेतलेल्या अवघ्या २३ स्त्रियांचा त्यात अभ्यास होता. निष्कर्ष चिंताजनक होते; परंतु अभ्यास लहान आहे, पुढे तपास व्हायला हवा, अशी संशोधकांचीच भूमिका होती. वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला तेवढा धीर नव्हता. ‘क्रॅक बेबी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. मेंदूने अधू, स्वभावाने हिंसक अशी एक संपूर्ण पिढी शाळांच्या दारात येऊन उभी राहणार, असे चित्र रंगवले गेले आणि ते राजकारण्यांनी उचलून धरले.

वैज्ञानिकही यापासून अलिप्त राहिले नाहीत. टोरांटोच्या गिडियन कोरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक वेगळीच तपासणी प्रसिद्ध केली. बालरोग संशोधकांच्या एका मान्यवर संस्थेच्या वार्षिक सभेसाठी १९८० ते १९८९ या काळात गरोदरपणातील कोकेनसेवनावर जे निबंधसार पाठवण्यात आले होते, ते त्यांनी काढून पाहिले. कोकेनचा दुष्परिणाम दिसला असे सांगणाऱ्या ४९ निबंधांपैकी २८ स्वीकारले गेले होते. दुष्परिणाम आढळला नाही असे सांगणाऱ्या नऊंपैकी फक्त एक. नाकारलेले निबंध निकृष्ट होते म्हणावे, तर तसेही नव्हते. कोकेन घेतल्याची खातरजमा करण्याच्या बाबतीत त्यांतील बरेचसे अधिक काटेकोर होते. निवड करणाऱ्यांना जे ऐकायचे होते, तेच व्यासपीठावर पोहोचले, असा याचा अर्थ होतो.

दैवदुर्विलास असा, की याच कोरेन यांनी टोरांटोच्या बालरुग्णालयात उभारलेल्या ‘मदरिस्क’ या उपक्रमाच्या प्रयोगशाळेवर पुढे ठपका आला. आईच्या केसांची तपासणी करून तिने अमली पदार्थ वा दारू घेतली की नाही, याचे दाखले ही प्रयोगशाळा देत असे आणि त्यांच्या आधारे मुले आईकडून काढून घ्यायची की नाही, हे न्यायालयात ठरत असे. २००५ ते २०१५ या काळातील त्या चाचण्या न्यायालयीन कामासाठी अपुऱ्या आणि अविश्वसनीय होत्या, असा निष्कर्ष ऑन्टारिओ सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती सुझन लँग यांच्या चौकशीने २०१५ च्या अखेरीस काढला. त्यानंतरच्या आयोगाने १,२७१ प्रकरणे तपासली. त्यांपैकी ५६ प्रकरणांच्या निकालांवर या चाचण्यांचा मोठा परिणाम झाला होता. आयोगाचा अहवाल २०१८ मध्ये आला, तोवर यातील अनेक मुले दत्तक घरांत वाढली होती.

गरिबीचे पारडे

फिलाडेल्फियामध्ये हॅलम हर्ट या नवजात अर्भकांच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी १९८९ मध्ये जो अभ्यास सुरू केला, त्याची मांडणी या गदारोळाच्या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगी आहे. १९८९ ते १९९२ दरम्यान जन्मलेली २२४ बाळे त्यांनी निवडली. साधारण निम्म्यांच्या आयांनी गरोदरपणी कोकेन घेतले होते, निम्म्यांच्या आयांनी नाही. दोन्ही गटांतील कुटुंबे मात्र सारखीच गरीब आणि बहुतांशी कृष्णवर्णीय होती. ही साधी दक्षता आधीच्या अनेक अभ्यासांनी घेतली नव्हती. कोकेन घेणाऱ्या गरीब आईच्या मुलाची तुलना सुखवस्तू घरातल्या मुलाशी केली, तर जो फरक दिसेल तो कोकेनचा की उपासमारीचा, हे सांगणार कोण?

चार वर्षांच्या वयात कोकेनचा संसर्ग झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७९ भरला. न झालेल्यांचा ८१.९. फरक नगण्य, पण दोन्ही आकडे सर्वसाधारण मुलांपेक्षा बरेच खाली. तेव्हा संशोधकांनी मोहरा वळवला आणि मुले कोणत्या परिस्थितीत वाढत आहेत, ते विचारायला सुरुवात केली. सात वर्षांची होईपर्यंत ८१ टक्के मुलांनी कुणाला तरी अटक होताना पाहिले होते. ७४ टक्क्यांनी गोळीबाराचे आवाज ऐकले होते, ३५ टक्क्यांनी माणसाला गोळी लागताना पाहिली होती आणि १९ टक्क्यांनी घराबाहेर पडलेले प्रेत. सुमारे पाव शतक चाललेल्या या अभ्यासाने २०१३ मध्ये निरोप घेतला तेव्हा निष्कर्ष बदललेला नव्हता : मुलाच्या भवितव्यावर कोकेनपेक्षा गरिबीचा भार अधिक पडतो. दरम्यान, २००१ मध्ये बोस्टनच्या डेबोरा फ्रँक आणि सहकाऱ्यांनी निकषांना उतरलेल्या ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत, इतर कारणे वजा केल्यावर, केवळ कोकेनमुळे वाढीवर वा बुद्धीवर सातत्याने विपरीत परिणाम होतो असे त्यांनाही आढळले नाही.

याचा अर्थ कोकेन निरुपद्रवी आहे असा कोणी घेऊ नये. त्यामुळे वार वेळेआधी सुटून मोठा रक्तस्राव होण्याचा आणि कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका संभवतो. परंतु गर्भाच्या मेंदूवर कायमचा आघात करणारा पदार्थ कोणता, असे विचारले तर सर्वांत भक्कम पुरावा दारूविरुद्ध आहे. ती दुकानात राजरोस मिळते आणि तिच्यासाठी सहसा कुणी प्रसूतिगृहात पोलीस बोलावत नाही.

चाचणी कोणाची, तक्रार कोणाची

याच काळात साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरातील वैद्यकीय विद्यापीठाच्या सरकारी रुग्णालयाने पोलीस आणि सरकारी वकील यांच्याशी संगनमत करून १९८९ पासून एक धोरण राबवले. ठरावीक निकषांत बसणाऱ्या गर्भवतींची लघवी तपासायची आणि कोकेन आढळल्यास पोलिसांना कळवायचे. निकषांपैकी एक असा, की स्त्रीने प्रसूतिपूर्व तपासण्या केलेल्या नसणे. म्हणजे भीतीने दूर राहिलेली स्त्री दूर राहिली म्हणूनच संशयित ठरे. जवळपास ३० स्त्रियांना अटक झाली. एकीचा अपवाद वगळता सर्व कृष्णवर्णीय होत्या. काहींना तर बाळंतपणानंतर लगेच बेड्या घालून नेण्यात आले. मार्च २००१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की पोलिसांच्या कामासाठी रुग्णाच्या संमतीविना केलेली अशी तपासणी घटनाबाह्य झडती ठरते.

व्यसन कृष्णवर्णीय स्त्रियांमध्येच अधिक होते काय? याचे उत्तर त्या निकालाच्या ११ वर्षे आधीच उपलब्ध होते आणि ते देणारे गृहस्थ पुन्हा डॉ. चॅसनॉफच होते. फ्लोरिडातील पिनेलास परगण्यात त्यांनी ७१५ गर्भवतींची नाव न नोंदवता तपासणी केली. सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या आणि खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या स्त्रियांमध्ये फारसा फरक आढळला नाही. श्वेतवर्णीयांमध्ये १५.४ टक्के, तर कृष्णवर्णीयांमध्ये १४.१ टक्के स्त्रियांच्या लघवीत दारूचे वा अमली पदार्थांचे अंश सापडले. सरकारकडे तक्रार जाण्याचे प्रमाण मात्र कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीत जवळपास दहापट होते. १९८५ च्या निबंधाचा डंका पिटणाऱ्या माध्यमांनी १९९० च्या या निबंधाची तेवढी दखल घेतली नाही.

संशोधकांपुढची अडचण येथे स्पष्ट होते. ज्या स्त्रीला खरे बोलल्यास तुरुंगात जाण्याचे वा मूल गमावण्याचे भय आहे, ती डॉक्टरला जशी खरे सांगणार नाही, तशी संशोधकालाही सांगणार नाही. जी सांगते, ती बहुधा आधीच पकडली गेलेली असते. अशा पकडल्या गेलेल्या स्त्रियांवर उभारलेले संशोधन व्यसनाचे नसून पोलिसांच्या जाळ्याचे असते. अमेरिकेने १९७० पासून संशोधकांना ‘गोपनीयतेचे प्रमाणपत्र’ देण्याची सोय केली. त्यामुळे सहभागी व्यक्तीची ओळख न्यायालयासमोरही उघड करण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. २०१६ च्या कायद्यानंतर केंद्रीय निधीवर चालणाऱ्या अशा संशोधनाला हे संरक्षण आपोआप मिळू लागले. पण हे कवच संशोधनाच्या कागदपत्रांपुरते. दवाखान्यातील केसपेपरला ते लागू नाही.

दुसरा अडथळा वैद्यकशास्त्राचा स्वतःचा आहे. थॅलिडोमाइडच्या शोकांतिकेनंतर औषधांच्या चाचण्यांतून गर्भवतींना दूर ठेवण्याकडेच कल राहिला. अमेरिकेने १९७७ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या स्त्रियांनाच औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळले. ही भूमिका १९९३ मध्ये बदलली. सावधगिरी समजण्याजोगी होती, परंतु तिचा परिणाम असा, की गर्भवतीला औषध द्यायची वेळ आली की डॉक्टरजवळ पुरेसा पुरावा नसतो. व्यसनी गर्भवतीच्या वाट्याला तर हे अज्ञान दुप्पट आले.

ग्लासगोची वाट

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात हेरॉइनचा सुळसुळाट झाला तेव्हा मेरी हेपबर्न या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला. अमली पदार्थ बाळाचे काय करतात याऐवजी, ही स्त्री आपल्याकडे का येत नाही, हा तो प्रश्न. १९९० मध्ये त्यांनी खास अशा स्त्रियांसाठी प्रसूतिसेवा उभी केली. प्रसूतीची तपासणी, व्यसनावरील उपचार आणि समाजसेविकेची मदत एकत्र मिळावी, स्त्रीला कुणाच्या चिठ्ठीविना येता यावे आणि वैद्यकीय कारण नसेल तर बाळ आईजवळच राहावे, अशी ही रचना होती. तिच्यात कोणतेही नवे औषध नव्हते. कॅनडातील व्हॅनकुव्हर येथे २००३ मध्ये सुरू झालेला ‘फर स्क्वेअर’ हा कक्षही याच वाटेने गेला.

औषधांची रीतसर चाचणी व्हायला मात्र २०१० उजाडावे लागले. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांची सवय असलेल्या गर्भवतीची नशा एकाएकी तोडणे हितावह नसते. ती पुन्हा व्यसनाकडे वळण्याची शक्यता फार मोठी. म्हणून तिला मेथाडोन हे पर्यायी औषध नियमित मात्रेत द्यायचे, हा प्रघात १९७० च्या दशकापासून रूढ आहे. ब्युप्रेनॉर्फिन हे दुसरे औषध त्याहून बरे काय, हे तपासण्यासाठी हेंड्री जोन्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रिया या तीन देशांत चाचणी झाली. कोणाला कोणते औषध मिळते, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांपासूनही गुप्त होते. १७५ स्त्रिया सहभागी झाल्या. प्रसूतीपर्यंत टिकलेल्या १३१ स्त्रियांच्या बाळांपैकी ब्युप्रेनॉर्फिन गटातील बाळांना सरासरी १.१ मिलिग्रॅम मॉर्फिन द्यावे लागले, मेथाडोन गटातील बाळांना १०.४. रुग्णालयातील मुक्कामही साडेसतरा दिवसांवरून दहा दिवसांवर आला. तथापि एक बाब नजरेआड करून चालणार नाही. ब्युप्रेनॉर्फिन मिळालेल्या स्त्रियांपैकी ३३ टक्क्यांनी उपचार मध्येच सोडले. मेथाडोनच्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. बाळासाठी सरस ठरलेले औषध आईला धरून ठेवण्यात तितके सरस ठरले नाही. फक्त बाळ मोजणाऱ्या संशोधनाला हे दिसलेच नसते.

नवजात बाळांच्या बाबतीतही तेच. जन्मानंतर नशेचा अंमल उतरू लागला की ही बाळे किंचाळतात, थरथरतात, दूध ओढत नाहीत. १९७५ मध्ये लोरेटा फिनेगन यांनी तयार केलेल्या गुणतक्त्यावर लक्षणांचे गुण मोजायचे, ठरावीक आकड्यापुढे गेले की मॉर्फिन सुरू करायचे आणि बाळ अतिदक्षता कक्षात ठेवायचे, ही पद्धत अनेक दशके चालली. येल विद्यापीठाच्या रुग्णालयात मॅथ्यू ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी प्रश्न साधे केले : बाळ पिते का, झोपते का, उचलून घेतल्यावर शांत होते का? अंधारी, शांत खोली, आईची कूस आणि अंगावरचे दूध हाच पहिला उपचार. २०२३ मध्ये अमेरिकेतील २६ रुग्णालयांतील १,३०५ बाळांवर या पद्धतीची चाचणी प्रसिद्ध झाली. बाळ घरी सोडण्याजोगे होण्यास १४.९ दिवसांऐवजी ८.२ दिवस लागले. औषध द्यावे लागलेल्या बाळांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून १९.५ टक्क्यांवर आले. बाळंतिणीजवळ बाळ ठेवावे, हे आपल्याकडे कुठल्याही आजीने सांगितले असते; अर्थात आई अटकेत असेल तर या पद्धतीचा उपयोग शून्य.

भारतातील चित्र

भारतात ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दोन लाखांहून अधिक घरांत जाऊन पावणेपाच लाखांच्या जवळपास लोकांशी बोलून तयार झालेल्या या अहवालानुसार देशात २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ घेतात. दारू पिण्याचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के. स्त्रियांचे आकडे लहान आहेत, हे खरे. मात्र दारात आलेल्या अनोळखी माणसाला, घरच्यांच्या देखत, किती स्त्रिया खरे सांगतील, याचा विचार ज्याने त्याने करावा. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्र म्हटले की पुरुषांचा वॉर्डच डोळ्यांपुढे येतो आणि प्रसूतिगृहात व्यसनाचा विषय निघतो तो नवऱ्याच्या दारूपुरता.

स्त्री मोकळेपणाने बोलली तर किती कळू शकते, याचा पुरावा मुंबईतच आहे. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मिश्री. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण सहा दिवस आधी झाले. मिश्री लावते म्हणून कोणी पोलिसांत देत नाही, मूल काढून घेत नाही. त्यामुळे विचारणाऱ्याला उत्तर मिळाले. हाच प्रश्न ब्राऊन शुगरबद्दल विचारला असता, तर १,२१७ पैकी किती जणींनी तोंड उघडले असते?

कायद्याचे म्हणाल तर भारताची स्थिती पूर्णतः निराशाजनक नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित स्थिती समाविष्ट केल्या आहेत. याच कायद्याच्या कलम २१ नुसार उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही आणि केलेच, तर त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी आढावा घ्यावा लागतो. कागदावर तरी ही तरतूद ग्लासगोच्या विचाराशी जुळणारी आहे.

अडचण आहे ती १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात. त्यातील कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हाच. कलम ६४-अ मात्र स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून अभय देते. व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण केले नाहीत तर हे अभय काढून घेता येते, अशी अट त्याला जोडलेली आहे. गर्भवतीच्या बाबतीत वैद्यकशास्त्र सांगते, की पर्यायी औषध बाळंतपणापर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवावे. ते घाईने तोडू नये. मग तिचे उपचार ‘पूर्ण’ झाले असे कोणत्या दिवशी मानायचे, आणि ते डॉक्टर ठरवणार की फौजदार, याचा खुलासा या कलमात नाही. उपचार पूर्ण करण्याची अशीच अट टेनेसीच्या कायद्यातील बचावालाही होती.